टाकीजवळचा गोविंदा

फवारणीचा पंप भरून ठेवला आणि बाबांना कुठेतरी खटकलं, म्हणून त्यांनी आधी लेकीला फोन लावला. मोबाईलवर आलेल्या फवारणीच्या मेसेजमध्ये तुरीवर सोयाबीनचं औषध मारायला सांगितलं होतं. धम्मदीपाने त्यांना थांबवलं. मेसेज धाडणारं सॉफ्टवेअर तिच्याच कंपनीचं होतं.

"आता मेसेज आला तरी तुले इचारल्याबिगर मी फवारत नाही," बाबा म्हणाले. ते तिच्या जिव्हारी लागलं.

मालेगावच्या त्या शेतकरी कंपनीत सगळा कोड तिच्या वरिष्ठ सतीशभाऊंनी लिहिलेला, अकरा हजार ओळींची एकच फाईल. अख्ख्या गावाचं बिऱ्हाड जणू एका खोलीत. वर तुरीसाठी ‘फवारणी’ नावाचं फंक्शन, म्हणजे मेसेज ठरवणारा कोडचा तुकडा, होतंच. गेल्या आठवड्यात भाऊंनी पार खाली सोयाबीनसाठी त्याच नावाचं दुसरं लिहिलं. कोड चालवणारा पायथॉन अशा वेळी भांडत बसत नाही. खालचं धरतो, वरचं मुकाट विसरतो.

धम्मदीपाने पिकागणिक वेगळी फाईल करू म्हटलं. भाऊंनी उडवून लावलं. एकाचं नाव बदल, चालत्या गाडीला खीळ कशाला?

"भाऊ, माह्या गावात, मेडशीत, चार गोविंदा हायेत. कोणाचं नाव बदललं काय? टाकीजवळचा म्हटलं का माहे बाबा येतात. फंक्शनलेही घर पायजे."

भाऊ हसले नाहीत. चार दिवस घे म्हणाले, बिघडलं तर जुनीच फाईल चालवायची.

तिने कंबर कसली. कोणत्या पिकाला कोणता मेसेज गेला पाहिजे, त्याच्या चाचण्या आधी लिहिल्या. मग एकेक तुकडा नव्या फाईलीत हलवायचा, चाचण्या चालवायच्या, मगच पुढचा. तिसऱ्या दिवशी सगळंच बंद पडलं. तुरीची फाईल हवामानाच्या फाईलीला बोलावी, हवामानाची तुरीच्या फाईलीला. आधी तू, आधी तू करत दोघी दारातच अडल्या. भाऊंनी जुनी फाईल काढूनच ठेवली होती. तिने तिकडे पाहिलंही नाही. दोघींना लागणाऱ्या पेरणीच्या तारखा उचलून तिसऱ्या फाईलीत ठेवल्या, आणि गाडी सुरू झाली.

पाचव्या दिवशी सकाळी तुरीचा मेसेज गेला. बाबा आता विचारतील म्हणून तिने फोन समोरच ठेवला. जेवणाची सुट्टी झाली तरी तो वाजेना. न राहवून तिनेच घरी लावला. आईने, लिलाबाईने, उचलला.

"ते कवाचेच मेसेज वाचून पंप घेऊन वावरात गेले."

"मले इचारलं नाही?"

"कायले इचारतीन? आता तूनच मेसेज नीट केले ना."