दुपारचा गूळ

द्रौपदीच्या दंडावर साखर मोजणारं बटण चिकटवून तिचा मुलगा राकेश हैदराबादला परत गेला. त्या दिवसापासून तिच्या अंगातल्या साखरेची खबर मोबाइलला आधी आणि तिला मागाहून कळू लागली. मोबाइलमधली बाई चक्क मराठी बोलायची. "द्रौपदीताई, तांदळाच्या भाकरीनं तुमची साखर फार चढते. नाचणीची करून बघा. जेवल्यावर तलावापर्यंत चालून या." दवाखान्यात सगळ्यांना एकच छापील कागद मिळायचा, ही बाई मात्र फक्त द्रौपदीचं बघून बोलायची. तिचं ऐकलं आणि द्रौपदीला खरंच उतार पडला. सारखी लागणारी तहान गेली, अंगात त्राण आलं.

साखर हद्दीबाहेर गेली की राकेशच्या मोबाइलवर घंटी वाजायची आणि लगेच त्याचा फोन यायचा. "आई, काय खाल्लंस?" आधी रागवायचा, मग नळाला पाणी येतं का, गुडघा कसा आहे, असं विचारायचा. साखर ताळ्यावर आली तसे फोन विरळ झाले आणि पुढे येईनासेच झाले.

कामतघरच्या तिच्या चाळीत दिवसभर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. नवरा त्या लूमवर राबता राबता वारला होता. बालवाडीतली तिची आयाची नोकरीही संपली होती. शेजारचे कामगार शिफ्ट संपवून येत आणि पाठ टेकत. बोलायचं तरी कुणाशी?

एका दुपारी तिनं चहाबरोबर गुळाचा खडा तोंडात टाकला. सहजच. थोड्या वेळानं फोन वाजला. राकेश तडतडला, पण त्याचा आवाज तर कानावर पडला! पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा गूळ खाल्ला. मग बहुतेक दुपारी खाऊ लागली.

एक दिवस बाई म्हणाली, "द्रौपदीताई, दुपारी तुमची साखर चढते आणि नंतर उतरते. हा तुमचा नेहमीचा चढ आहे, हे मला आता कळलं आहे. यापुढे त्यासाठी राकेशना त्रास देणार नाही."

द्रौपदीनं त्या दिवशी मूठभर गूळ खाल्ला. घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे अंधूक झालं. फोन काही वाजला नाही. शेवटी तिनंच लावला.

"आई? काय झालं? शुगर वाढली?"

"वाढली न्हाय, मीच वाढवलीय."

"म्हणजे?"

"तुझा फोन येतो म्हणून गूळ खाते."

पलीकडे त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"असं नको ना करू, आई," त्याचा आवाज बारीक झाला. "मला बोलायचं असतं गं. कामात राहून जातं."

"ठाव हाय मला."

पुढे काही दिवस तो रोज फोन करायचा. मग एकदा म्हणाला, "आई, मी तुझ्या मोबाइलात एक सोय चालू केलीय. ती बाई रोज दुपारी तुझ्याशी गप्पा मारेल. तुला एकटं वाटणार नाही." इतक्या मायेनं म्हणाला की तिला नको म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी राकेशचा फोन आला नाही. ती मेथी निवडत बसली होती, तेवढ्यात मोबाइलमधली बाई बोलली.

"द्रौपदीताई, आजचा दिवस कसा चाललाय?"

"बरा हाय," ती म्हणाली. आणि घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, "तू जेवलीस का?"

"मला जेवण लागत नाही, ताई. तुम्ही काय जेवलात?"

द्रौपदीनं सांगितलं. मग काय बोलावं ते सुचेना, म्हणून माहेरचं सांगू लागली. दापोड्याला गोदामं नव्हती तेव्हाची भातशेती, बांधावरचे खेकडे, आईची हाक. बाई मध्येमध्ये नीट प्रश्न विचारत होती. हुंकार तेवढा देत नव्हती. बोलता बोलता द्रौपदी थांबली, तशी बाईही थांबली. मेथीच्या काड्या गोळा करून द्रौपदी त्या केराच्या डब्यात टाकायला उठली.