त्याच्या घड्याळातले माझे ठोके

“हे एकाच मनगटावर राहू द्या हं ताई,” दुकानातल्या मुलीनं मला बजावलं होतं. ती नवऱ्याच्या हाताला घड्याळाचा पट्टा बसवत होती, मध्येच त्याचं वय, उंची, वजन फोनमध्ये भरत होती. “हे ठोके मोजतं. पंधरावीस दिवसांत तुमचं हृदय कसं चालतं ते शिकून घेतं, मग त्यावरूनच सगळं सांगतं. मध्येच दुसऱ्यानं घातलं तर चुकीचंच शिकेल.”

मी म्हटलं, “नवराबायकोत कसलं आलंय तुझं-माझं? आमच्याकडे टूथपेस्टपासून सर्दीपर्यंत सगळं सामाईक आहे.”

ती हसली, नवरा हसला, कडेवरची दोन वर्षांची छकुलीही आम्ही हसतोय म्हणून हसली. आम्ही खोकं घेऊन घरी आलो.

नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघतो. कुठला ट्रक कधी भरायचा, कुठली खोकी आधी चढवायची. दिवसभर खुर्ची, फोन आणि पडद्यावरचे तक्ते. त्या वर्षी कंपनीनं तंदुरुस्तीची स्पर्धा काढली आणि प्रत्येकाला त्या दुकानातून असं घड्याळ घेऊन दिलं. आठवड्यातली दीडशे मिनिटं तरी ठोके एका ठरलेल्या रेषेच्या वर गेले पाहिजेत, म्हणजे माणूस पळतोय, घाम गाळतोय असं धरायचं. सोमवारी सकाळी जेवणघराबाहेरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांची नावं लागायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

पहिले तीन आठवडे तो खरंच पळायला गेला. दहाव्या मिनिटाला परत यायचा आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचा.

“दम लागतो गं.”

“लागणारच. दहा वर्षं खुर्ची उबवलीस. ऊठ, अंघोळ कर.”

छकुली दोनदा खोकली तर मी पाच आजार शोधून ठेवते. मुलांच्या डॉक्टरांनी माझा नंबर ‘पुन्हा ह्याच’ अशा नावानं साठवला असेल, असं नवरा म्हणायचा. पण त्याच्या दमाला मी आळस असं नाव ठेवलं आणि मोकळी झाले.

तिसऱ्या सोमवारी तो पडद्यावर शेवटून पहिला होता. खात्यातल्या मुलांनी त्याचं ‘कासवदादा’ असं बारसं केलं. एचआरच्या बाईंनी कंपनीच्या व्हॉट्सॲप गटात हसऱ्या कासवाचं चित्र टाकलं, खाली लिहिलं, ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.’ त्यानं ते मला दाखवलं आणि म्हणाला, “पाठीशी कशा असतील? सगळे पुढे गेलेत.” हसत म्हणाला. मग ताट तसंच सारून उठला आणि बाल्कनीत बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “उद्या तू पळायला जाशील तेव्हा हे घालून जाशील का? एकदाच.”

मी पळायचे. छकुली झाल्यावर वर्षभरानं सुरू केलं होतं. वजन हे सांगायचं कारण. खरं म्हणजे दिवसातला तेवढा पाऊण तास माझ्या अंगाला कुणी चिकटलेलं नसायचं. मी घड्याळ घालून गेले. आठवड्याभरात तो खालून पंधरावा झाला, महिन्याभरात वरून सहावा. सकाळी त्याला उठवायला नको म्हणून मी घड्याळ रात्रीच घालून झोपायला लागले. त्याला पट्ट्याखाली पुरळ उठायचं, त्यामुळे कामावर जाताना तो ते चार्जिंगला लावून जायचा. कुणी विचारलं, घड्याळ कुठंय, तर म्हणायचा, “घरी दमून झोपलंय.” आणि लोक हसायचे, कारण पहिल्या सहांतला माणूस असं बोलला की तो विनोद असतो.

एकदा ॲपनं सांगितलं, तुमचं शारीरिक वय सत्तावीस. तो अडतीसचा होता.

“बघ,” तो म्हणाला, “तुझं हृदय माझ्या नावावर झालंय.”

“फुकट नाही झालं. भांडी तू घासायचीस.”

त्यानं घासलीही.

आता जे सांगते ते नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. मी रोज झोपण्यापूर्वी त्याच्या फोनमधलं ते ॲप उघडायचे. निवांत असतानाचे ठोके अठ्ठावन्न, झोप चांगली, सगळं हिरवं. वर त्याचं नाव, त्याचा फोटो. ते ठोके माझे आहेत हे मला माहीत होतं, मीच तर पळून आले होते. तरी त्याच्या नावाखाली हिरवं दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. शिकलेली बाई मी, आणि हे रोज होत होतं.

थंडीच्या सुरुवातीला त्याला ताप आला, खोकला आला. ताप आठवड्यात गेला, खोकला रेंगाळला. त्यानंतर तो दोन उशा घेऊन झोपायला लागला. मोजे काढले की घोट्यावर खोल वळ राहायचा, बोटानं दाबलं तर खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मी म्हटलं, मोज्यांचं इलॅस्टिक घट्ट आहे, आणि सैल मोजे आणले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “बोलताना तो मध्येच थांबतो का गं?” मी म्हटलं, “काही नाही आई, जिना चढून आलाय.” जिना चढून येऊन त्याला वीस मिनिटं झाली होती.

शेवटी मीच त्याला कंपनीच्या डॉक्टरांकडे नेलं. छकुली माझ्या मांडीवर होती. डॉक्टर भले होते, घाईतही नव्हते. त्यांनी नाडी बघितली, एकशे चार. भुवया वर केल्या. टेबलाच्या कडेला ठेवलेला तपासण्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि म्हणाले, “ईसीजी काढून घेऊ या. घड्याळ वापरता ना? दाखवा जरा.”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. फोन उघडून त्यांच्यापुढे धरला.

डॉक्टरांनी बोटानं महिने मागे सारले. एक, दोन, पाच महिने. “अरे वा,” ते म्हणाले. “अठ्ठावन्न. आणि पळून आल्यावर किती पटकन खाली येतात बघा. माझे स्वतःचे असे नाहीत.” नाडीचं काय, तर दवाखान्यात आलं की वाढतेच, घरचा आकडा खरा. तापानंतरचा अशक्तपणा आहे, कामाचा ताण आहे. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा परत कडेला सरकवला. “तुमच्यासारखा पेशंट आठवड्यातून एखादा भेटतो. झोप काढा, दोन आठवडे पळू नका.”

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, डॉक्टर, हे घड्याळ मी घालते. पण ते डॉक्टर कंपनीचे होते. स्पर्धेत लबाडी केली म्हणून पडद्यावर नाव लागेल, एचआरच्या बाई आणखी एखादं चित्र टाकतील. नवऱ्यानं टेबलाखालून माझा हात दाबला. त्याचा तळवा गार आणि ओला होता. मी छकुलीचं टोपरं सारखं केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जिन्यात मी म्हटलं, “दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. खरं सांगू.”

“जाऊ ना. ही स्पर्धा संपू दे. सव्वा महिना राहिलाय.”

“तुला बरं वाटत नाहीये.”

“अगं, अशक्तपणा आहे म्हणाले ना.”

“माझ्या हृदयाकडे बघून म्हणाले.”

तो कठड्याला धरून उभा राहिला, हसल्यासारखं केलं. “मग तू तरी ठणठणीत आहेस. एक काळजी मिटली.”

मीही ती मिटू दिली. पुढचे दोन आठवडे मी पळायला गेले नाही, डॉक्टरांनी पळू नका म्हणून सांगितलं होतं ना. मग पुन्हा जायला लागले, कारण तो नवव्या क्रमांकावर घसरला होता.

स्पर्धेच्या शेवटी कंपनीची दौड होती, कारखान्याच्या कुंपणाला बाहेरून चार फेऱ्या. प्रत्येक खात्याचा एक कप्तान, सगळ्यात पुढे पळणारा. माल-रवानगीचा कप्तान कोण, तर कासवदादा. मुलांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि त्याला उतरता येईना. मी म्हटलं, पाय मुरगळला म्हणून सांग. तो म्हणाला, “हळूहळू पळेन. चार फेऱ्यांचा तर प्रश्न आहे. नंतर पाहिजे त्या डॉक्टरकडे ने.”

रविवारी सकाळी त्यानं कित्येक महिन्यांनी ते घड्याळ स्वतः घातलं. त्याचा फोन माझ्याकडे ठेवायला दिला. मी छकुलीला घेऊन फाटकापाशी उभी होते. घड्याळात स्वतंत्र सिम होतं, त्यामुळे पळताना त्याचे ठोके फोनवर दिसत होते. पहिल्या फेरीला एकशे एकोणसत्तर. त्याच्या खात्यातला एक मुलगा माझ्याशेजारी ओरडत होता, “दादा, आज ससे खाऊन टाका.” दुसऱ्या फेरीच्या मध्यावर फोन थरथरला. पडद्यावर आलं, ‘तुमच्या नेहमीच्या मानानं ठोके फार जास्त आहेत. थांबा.’ एकशे त्र्याण्णव.

नेहमीच्या म्हणजे माझ्या. मी स्वतःला तेच सांगितलं. घड्याळाला माझी सवय आहे, तो कधी पळत नाही, जास्त येणारच. आणि त्याच वेळी माझी पाचावर धारण बसली होती.

दुसरी फेरी संपवून तो माझ्यासमोरून गेला. ओठ करडे पडले होते. मी फोन उंच धरला आणि म्हटलं, “थांब ना.” इतक्या हळू म्हटलं, की आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये. त्यानं ऐकलं की नाही माहीत नाही. त्यानं छकुलीकडे बघून हात हलवला.

तिसऱ्या फेरीला त्याच्या मागचे सगळे आले. तो आला नाही. फोनवर आकडा जाऊन दोन आडव्या रेघा आल्या होत्या. मला वाटलं पट्टा सैल झाला असेल. मी तिथेच उभी राहून तो आकडा परत यायची वाट बघितली. किती वेळ, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलेलं नाही.

पाणी ठेवलेल्या टेबलापाशी तो पडला होता. तिथल्या परिचारिकेनं त्याची छाती दाबायला सुरुवात केली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबली नाही. ती होती म्हणून तो आज आहे.

मोठ्या दवाखान्यात चौथ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. हृदयाचा स्नायू ताणून सैल पडलाय, म्हणाल्या, तापानंतर कधीकधी होतं असं. बहुतेक महिनोन्‌महिने चाललं असणार. पूर्वीचं काही आहे का? मी फोन दिला. त्यांनी महिने मागे सारले, पुढे आणले, पुन्हा मागे सारले.

“हे जुळत नाही,” त्या म्हणाल्या. “असं हृदय असलेल्या माणसाचे हे ठोके असूच शकत नाहीत. कुणाचं घड्याळ आहे हे?”

“त्यांचं,” मी म्हटलं. मग म्हटलं, “ठोके माझे आहेत.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

“तेव्हा ईसीजी काढला असता तर?” मी विचारलं.

“दिसलं असतं.”

“मग औषधांनी…”

“ते मी आज कसं सांगू?”

आता पाच महिने झाले. तो पलंगावरून बाथरूमपर्यंत जातो, मध्ये एकदा खुर्चीत बसतो. पाणीसुद्धा मापानं प्यायचं आहे. छकुली ‘उचल’ म्हणते तेव्हा तो तिला पलंगावर चढायला सांगतो, आणि ती म्हणते, “तसं नाही, उचल.” दुसरं हृदय मिळण्याच्या यादीत त्याचं नाव आहे. पुढे कितीजण आहेत ते सांगत नाहीत. त्यानं मला एकदाही दोष दिला नाही. एकदा फक्त म्हणाला, “नावावर होतंच, तेव्हाच ताबा घ्यायला हवा होता.” आम्ही दोघं हसलो. मग त्याला धाप लागली, आणि मी त्याला धरून बसले. रात्री तो झोपला की मी त्याच्या छातीवर हात ठेवते. ते हृदय धडधडत नाही, चुळबुळ करतं.

मी पळायचं सोडलं. पण परवा सकाळी त्याची औषधं आणायला निघाले तेव्हा बागेच्या कडेनं एक बाई पळत गेली. पंचविशीची असेल, केस वर बांधलेले. हाताला ह्याच जातीचं घड्याळ, पुरुषी, रुंद, पट्टा तिला एवढा सैल की तिनं तो कोपराखाली चढवला होता. मी “अहो, अहो” करत मागे धावले. कानांत गाणी लावलेली असावीत. ती वळली नाही. काल गेले, आज गेले, दिसली नाही.

ती कोण आहे मला माहीत नाही. तुमच्या इमारतीत राहत असेल, तुमची भाची असेल, शेजारीण असेल. तिला काही विचारू नका, ती सांगेल की एकदाच घातलंय. तिच्या घरी जा. दार उघडायला जो येईल, त्याला दारापर्यंत यायला किती वेळ लागला ते बघा. आत बसा, त्याचं मनगट हातात घ्या आणि दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर स्वतः मोजा. आजच जा.