पाचवा सदस्य

रंगाच्या कारखान्याचे शेठ आमच्या मंडळाचे सदस्य होते. माणूस सज्जन. मला त्यांच्या सज्जनपणाचाच राग यायचा.

विभागीय प्रदूषण मंडळाचा मी सचिव. सदस्यांच्या सात खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या, कारण मानधनाला वरून पैसेच येत नव्हते. कोरम पाचाचा. उरलेले पाच जण कसेबसे जमले की मी कारखान्याचा नाला बंद करण्याचा विषय पुकारायचो आणि शेठ हात जोडून उठायचे. "हा विषय माझ्या कारखान्याचा. नियमाप्रमाणे मी इथे थांबणं बरोबर नाही." ते बाहेर, आत चौघं. कोरम गेला, विषय पुढच्या बैठकीला. वर्षभर हेच चऱ्हाट! नियमावर बोट ठेवून माणूस आमच्या तोंडाला पानं पुसत होता आणि वर त्याचे आभार मानावे लागत होते.

त्या नाल्याला लागून माझ्या ताईची विहीर. पाण्याला उग्र वास, नातवंडांच्या अंगावर चट्टे. तक्रारही तिचीच. तिला तोंड कसं दाखवावं, तेच मला कळेना.

मुख्यालयात खेटे घालून घालून चपला झिजल्या. शेवटी तिथले उपसंचालक म्हणाले, "फुकट बसणारा अनुभवी माणूस आणा, लगेच नेमतो. फक्त नोकरीतला नको."

माझं डोकं फिरलं. मी नोकरीचाच राजीनामा दिला.

"अहो, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत," बायको म्हणाली, "तेवढी कळ नाही का काढवत?"

नव्हती काढवत.

नेमणूक झाली. बैठकीत, सचिवपदाचा चार्ज घेतलेल्या हिशेबनीस बाईंनी विषय पुकारला. शेठ उठले. जा बाबा एकदाचा, मी मनात म्हटलं. आता आत पाच उरणार होते. दारापर्यंत जाऊन ते वळले.

"सचिवसाहेब," सवयीनं ते मलाच म्हणाले, "तक्रार तुमच्या सख्ख्या बहिणीची ना? मग तुम्हीही चला."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाई नियम वाचू लागल्या, "विषयाशी स्वतःचा किंवा जवळच्या नातलगाचा संबंध असलेल्या सदस्यानं..." तोच नियम मी वर्षभर वाचून दाखवला होता, आणि रागाच्या भरात तो मलाही लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुकाट्यानं उठलो.

बाहेर बाकावर शेठनी सरकून मला जागा करून दिली.

"राग मानू नका," ते म्हणाले. "ताईंकडे उद्यापासून आमच्या खर्चानं पाण्याचा टँकर पाठवू का?"

त्यांना चांगलं खडसवावं म्हणून मी तोंड उघडलं. पण मुलांचे ते चट्टे डोळ्यांपुढे आले.

"सकाळी जरा लवकर पाठवा," मी म्हणालो.