वखारीची नवी करवत

गुणाजी आंब्याच्या खोडावरून घसरला आणि त्याचा उजवा खांदा गेला. गावात मात्र सगळे म्हणाले, दृष्ट लागली. आणि लागायचीच हो! डोंबिवलीच्या खाडीकाठी त्या गावात लाकूड कापावं तर गुणाजीनं. कुऱ्हाड उचलली की आधी एक आरोळी, "बाजूलाऽऽ!" आणि मगच घाव. त्या आरोळीनं तिठ्यावरची कुत्रीसुद्धा उठून चालायला लागायची. डॉक्टरनं त्याला सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि कुऱ्हाडीला शिवायचंही नाही.

ही शिमग्यातली गोष्ट. तेव्हापासून आठ महिने गुणाजी वखारीतल्या फळीवर बसून होता. कुणी बोललं की "हूं", जेवायला वाढलं की "हूं". शेवंती, त्याची बायको, वैतागून शेजारणीला म्हणायची, "दुखणं खांद्याला आनि बसलंय जिभेवर!" वखारीत दोन गडी होते, ते लाकूड फोडायचे चांगलं. पण अख्ख्या खोडाचे सारखे तुकडे पाडणं हे गुणाजीचं काम होतं. ते थांबलं तशी खोडं खाडीच्या चिखलात नुसती पडून राहिली.

दिवाळी झाली आणि गावातला काळुराम वखारीत आला. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला अख्खं गाव जेवणार, आणि गावातल्या प्रत्येक हळदीचं जेवण गुणाजीच्या वखारीच्या लाकडावर शिजायचं, त्याच्या बापापासूनची रीत ती. काळुरामनं न कापलेल्या खोडांकडे बघितलं, डोकं खाजवलं.

"गुणाजी, खरं सांग, व्हईल ना? नायतर कल्यानहून मागवतो. राग नको धरू."

"मागव," गुणाजी म्हणाला.

एवढंच! ना राग, ना शिवी. भांडला असता तर शेवंतीला बरं वाटलं असतं. ती पदर खोचून पुढे आली. "काय मागवू नको रे काळुराम. शुक्रवारी ये, लाकूड तयार असंल." काळुराम गेल्यावर ती आत गेली आणि चुलीपुढे बसून घळाघळा रडली. वचन तर देऊन बसली होती, आता कापणार कोण?

पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. पेट्रोलवर चालणारी करवत ठाण्याला मिळते, असं तिनं मासळी बाजारात ऐकलं होतं. पैशांची व्यवस्था तिनं कशी केली ते तिलाच ठाऊक, आपण विचारू नये. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला एसटीत बसवलं आणि शीळफाट्यावरून थेट ठाण्याचं खोपट गाठलं.

महिपत दुकानदार तिथं पंप, मोटारी, फवारणीची यंत्रं विकायचा. कोपऱ्यात चार-पाच करवतीही होत्या. गुणाजीची नजर गेली ती सगळ्यात मोठीवर. हातभर लांब पट्टी, इंजिनाचा डबा एवढा थोरला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत चमक आली. "ही द्या. वखारीला शोभली पायजेल."

"धरा की मालक," महिपत म्हणाला. "माझा चहा संपेपर्यंत अशीच धरून उभे राहा."

गुणाजीनं धरली. महिपतचा ग्लास अर्धा झाला नाही तोच त्याच्या कपाळावर घाम फुटला, ओठ दाबले गेले. शेवंतीनं मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आपण बघितलं हे त्याला कळायला नको होतं. त्यानं करवत खाली ठेवली.

मग महिपतनं सोळा इंची पट्टीची हलकी करवत दिली. "कमरेपाशी धरायची, खांद्याला काम नाही. ओंडका जाड असला तर दोन्ही बाजूंनी कापा." गुणाजीनं ती धरली. महिपतचा चहा संपला, त्यानं आणखी एक मागवला, तोही संपला. "आता खाली ठेवा, नाहीतर आज माझी झोप उडणार," महिपत म्हणाला. शेवंतीला हसू फुटलं.

पट्टीभोवती फिरणारी दातांची चेन निवडताना पुन्हा घोडं अडलं. एका चेनच्या दातांचे कोपरे टोकदार होते, दुसरीच्या दातांचे जरा गोल. गुणाजीनं अर्थातच टोकदार उचलली. "धार हिला हाय."

"लाकूड कुठलं? पडलेलं कुठं असतं?"

"चिंच, आंबा, बाभूळ."

"अवो, चिखलात पडलेलं असतं ते सांगा ना!" शेवंतीला राहवेना. "सालीतली रेती काढून माझी नखं झिजली."

"मग ही घ्याल तर चार काप काढून बोथट होईल," महिपत म्हणाला. "स्वच्छ, ताज्या लाकडाला तिच्यासारखी दुसरी नाही. पण तुमच्या रेतीला आणि सुक्या बाभळीला गोल कोपऱ्याची. थोडी हळू कापेल, पण धार टिकेल. रोज गोल कानसीनं प्रत्येक दाताला दोन हात मारायचे. द्या, बसवून देतो."

"राहू दे," गुणाजी फणकारला. "बापानं करवतीच्या मुठीवर हात ठेवून वाढवलाय मला. करवत मला शिकवता?"

झालं! गोल कोपऱ्याची चेन पुडक्यातच घरी आली.

शुक्रवारी काळुराम आला आणि त्याच्या मागे अर्धं गाव. नारळ फुटला. गुणाजीनं चेन बसवली, पट्टीच्या वरच्या अंगाचे दात नीट स्वतःकडे करून. करवत गरजली. बाभळीवर टेकवली आणि काय सांगू! नुसता धूर. साल काळी पडली, पण काप म्हणून जाईना.

"कापतोस का भाजतोस रे?" काळुराम म्हणाला आणि सगळे हसले.

गुणाजीनं मशीन बंद केलं. "नाय जमायचं शेवंते. त्याला सांग, कल्यानहून मागव." आणि जाऊन त्याच त्या फळीवर बसला.

शेवंती करवतीपाशी उकिडवी बसली. दातांची पाठ काळी झाली होती आणि धार मात्र दुकानातून आणली तशी लखलखीत. तिला कळलं. शब्द अगदी जिभेवर आला, पण तिनं गिळला. इतक्या लोकांत आपण चूक दाखवली, तर हा माणूस परत करवतीला हात लावायचा नाही. ती उठली, खुंटीवरची सासऱ्याची जुनी करवत काढली आणि गुणाजीच्या मांडीवर ठेवली.

"ही कशी कापते वो?"

"हे काय विचारनं? आपल्याकडं ओढली की कापते."

"म्हनून दात आपल्याकडं."

"मग काय लोकांकडं करतात काय दा..." गुणाजी थबकला. मांडीवरच्या करवतीकडे बघितलं, मग मशीनकडे. "आयला! मशीनची चेन पट्टीवरनं पुढं पळते. मागं ओढत नाय!"

तो उठला. नट सैल केला, चेन काढली, फिरवली, दात पुढे करून बसवली, बोटानं ताण बघितला. कुणाला हात लावू दिला नाही. शेवंती जवळच उभी राहून त्याचे हात बघत होती.

करवत सुरू झाली. गुणाजीनं पाय रोवले, मान वर केली आणि जमलेल्या गर्दीकडे बघितलं.

"बाजूलाऽऽ!"

गर्दी दचकून मागे सरली. बाभळीतून जाडजाड चुरा उडाला तो थेट काळुरामच्या पांढऱ्या सदऱ्यावर. पहिला तुकडा धप्पकन खाली पडला, मग दुसरा, मग तिसरा, सगळे एका मापाचे. काळुराम सदरा झटकायचं विसरून गड्यांना फोडायला ओरडू लागला.

शेवंती तेवढी जागची हलली नव्हती. डोळे भरले होते, समोरचं धड दिसतही नव्हतं. गुणाजीनं करवत थांबवली.

"ए शेवंते! भयरी झालीस काय गो? तुलाच सांगतोय, बाजूला हो!"

"ऐकलं पयलंच," ती म्हणाली. "परत ऐकायचं व्हतं."