दसऱ्याला टाकलेला दगड

खोटं बोलायला डोकं लागतं आणि खरं बोलायला पाय. खोटं बाजेवर बसल्या बसल्या बोलता येतं. खऱ्यासाठी उठून, चालत जाऊन बघावं लागतं. म्हणून सत्तरी ओलांडेपर्यंत मी खऱ्याच्या वाटेला फारसा गेलो नाही. गुडघे दुखतात.

पण या जूनमध्ये सुनेनं मला उठवलंच.

माझा मुलगा शिवशंकर लातूरला एका सरकारी कचेरीत होता. होळीच्या सुमारास त्याची बदली मुखेडला झाली आणि त्याचं बिऱ्हाड गावातल्या आमच्या घरी आलं. मुखेडपासून गाव जीपनं अर्ध्या घंट्यावर. नात उर्वी पहिलीत जायच्या वयाची. आता तिला घालायचं कुठं? गावातली जिल्हा परिषदेची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. मुखेडची इंग्रजी शाळा म्हणजे पिवळी गाडी. ती गाडी सकाळी जागी पोरं भरून नेते आणि चार वाजता झोपलेली पोरं आणून उतरवते.

"मामा," माझी सून तनुजा म्हणाली, "मुखेडच्या शाळेत प्रवेशाला शुक्रवारपर्यंतच मुदत हाय. त्याच्या आत गावची शाळा एकदा नीट बघून या."

"मीच का?"

"ह्यांना रजा न्हाई. मी गेले तर चहा पाजतील आन् चांगलं चांगलं तेवढं दाखवतील. तुमच्यापुढं कोण काय लपवणार? तुम्ही तर..." ती थांबली.

"चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं म्हणायचंय तिला," चुलीपासून सिंधु बोलली. सिंधु माझी बायको. माझ्याबद्दल अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करणं हे तिचं आवडीचं काम.

"तसं न्हाई, मामी," तनुजा लाजली. मग माझ्याकडं वळून हळू म्हणाली, "पण मामा, एकदा तरी खरं सांगा. पोरीचा सवाल हाय."

आता माझीच पंचाईत. उर्वी माझी शेवटची श्रोती. गावात कोणी ऐकेना झालंय. मी हॉटेलच्या बाकड्यावर बसून "एकदा काय झालं" म्हणालो की माणसं गरम चहा तसाच घशाखाली ढकलून उठतात. उर्वी मात्र माझ्या बाजेवर मांडी घालून, तोंड उघडं टाकून ऐकते. माळेगावच्या जत्रेत माझ्या बैलानं पाटलाचं भाषण ऐकून मान हलवली आणि चुकीच्या ठिकाणी एकदाही हलवली नाही, हे तिला कबूल आहे. ती पिवळ्या गाडीत गेली, की माझी दुपार गेली.

म्हणजे गावची शाळा चांगली निघावी, असं मला वाटत होतं. आणि त्याचंच भ्या. ज्याला बैल घ्यायचाच आहे त्यानं स्वतः दात बघू नयेत. त्याला पडलेला दातही जागेवर दिसतो. मला काही बसवेना. उठलो, ओट्यावर गेलो, परत आलो, तंबाखूला चुना लावला आणि खायची विसरून गेलो.

शेजारचा वीरभद्र बाजारातला जाणता माणूस. बैल लांबून बघून त्याचा मालक कसा आहे ते सांगणारा. त्याला विचारलं, "शाळा कशी बघतात रे?"

"भिंतीला बघू नको. भिंतीला रंग कोणी बी देतंय. संडासाचं कुलूप बघ. आन् खिचडीच्या खोलीपुढचं कुत्रं बघ."

"कुत्रं कशाला?"

"कुत्रं लठ्ठ असंल तर पोरं खिचडी टाकून देऊन राहिलीत. वाळलेलं असंल तर खिचडीच शिजत न्हाई."

गेलो. संडासाला कुलूप नव्हतं, आत पाणी होतं. कुत्रं मध्यम होतं. मध्यम कुत्र्यावरून माणसानं काय ठरवावं? मी त्याला हाड म्हणून बघितलं, ते नम्रपणे थोडं सरकलं.

मग म्हटलं, आपली कसोटी आपल्याजवळ आहे. ज्या शाळेतल्या पोरांना थाप कळत नाही, ती शाळा कसली? वर्गात जायचं, एक चांगली सणसणीत ठेवून द्यायची आणि बघायचं. एक जरी पोर म्हणालं, "आजोबा, काय बी सांगू नका," की शाळा पास.

शिकवायला पंचशीला बाई होत्या. मुखेडहून स्कूटीवर येतात. तिसरी-चौथी एकाच खोलीत, चटयांवर. मी दारात दिसताच सगळी पोरं उठून एका सुरात "नमस्ते" म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

"बाई, पोरांना एक गोष्ट सांगू का?"

"सांगा की, मामा. गोष्टीला कोण न्हाई म्हणंल?"

मी सुरू झालो. "पोरांनो, आमच्या मळ्यात एक विहीर हाय. किती खोल? दसऱ्याला तिच्यात दगड टाकला, तर त्याचा आवाज दिवाळीला वर येतो. एका वर्षी मी दसऱ्याला दगड टाकला आन् विसरलो. दिवाळीला पाणी शेंदायला गेलो तर खालून डुबुक! मी दचकून विचारलं, कोण हाय रे? त्या प्रश्नाचं उत्तर संक्रांतीला आलं."

थांबलो. वाट बघितली.

एकही पोर हसलं नाही. कोणी शेजाऱ्याला कोपर मारलं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बाईंचे पण. आता म्हणतील, आता म्हणतील, म्हणून मी उगाच खाकरलो. शेवटी मागच्या चटईवरून एका पोरानं हात वर केला. माझ्या जीवात जीव आला.

"आजोबा, विहीर कुठं हाय तुमची?"

"ओढ्याच्या वाटंला, मोटरीच्या खोलीजवळ."

"बरं," म्हणालं आणि खाली बसलं. झालं. बाईंनी "पाहुण्यांसाठी" असं म्हटल्याबरोबर पोरांनी ठेक्यात टाळ्या वाजवल्या आणि मी बाहेर आलो.

असा मेल्यासारखा घरी आलो नाही कधी. उन्हाचं नव्हतं ते. एवढी पोरं आणि एकालाही शंका येऊ नये? उद्या ह्यांना कोणीही कसलंही बियाणं विकील, कोणत्याही जीपमध्ये बसवून कोणत्याही सभेला नेईल. त्या पोरांत उर्वीला बसवायचं? आणि खरं सांगायचं तर ती गावातच राहावी म्हणून मी चांगलं म्हणायला मोकळा होतो. जीभ तयार होती. तिला आयुष्यभर वळण तेच. पण पोरीचा सवाल होता.

संध्याकाळी ताटावर बसलो आणि म्हणालो, "शाळा बेकार हाय."

शिवशंकरचा घास हातात राहिला. तनुजा माझ्याकडं बघतच राहिली. मी शाळेची तारीफ करणार, हे तिनं धरूनच ठेवलं असणार.

"काय झालं, दादा?" शिवशंकरनं विचारलं.

"पोरं मान हलवतात. जे सांगाल ते खातात. तिथं घालू नका तिला."

तनुजाचे डोळे भरले. "मामा, तुम्ही खरं बोललात," ती म्हणाली. हे असं म्हणाली, जसा काही ग्रामपंचायतीत माझा सत्कार झाला.

"मग शुक्रवारची गर्दी कशाला? उद्याच जाऊ," शिवशंकर म्हणाला. "हापिसला जाता जाता दोघींना घेऊन जातो."

उर्वीनं फक्त एवढंच विचारलं, "आबा, त्या गाडीत तुम्ही बसणार का?"

सकाळी मला घरात थांबवेना. तिला तयार करताना बघायचं नव्हतं. मी मळ्याकडं निघालो. ओढा ओलांडला आणि मोटरीच्या खोलीमागून गलका ऐकू आला. म्हटलं, चोर. पण चोर पाढे म्हटल्यासारखे टाळ्या वाजवत नाहीत.

बघतो तर विहिरीच्या कठड्याबाहेर आखलेल्या रेघेवर कालची सगळी पोरं रांगेत उभी. कठड्याशी पंचशीला बाई, एका वेळी एका पोराचा दंड धरून. पोर हात लांब करून दगड सोडायचं, बाकीची ठेक्यात टाळ्या मोजायची. एक, दोन... डुबुक.

"या मामा," बाई म्हणाल्या. "विचारायला घरी येणार होते, पण पोरं धीर धरीनात. चालंल ना?"

"काय करून राहिलात तुम्ही?"

सुकन्या नावाची एक शेंबडी पोरगी पुढं झाली. "लहान दगड टाकला, मोठा टाकला, ढेकूळ बी टाकलं. तिसरी टाळी कोणालाच लागली न्हाई, आजोबा. दिवाळी तर लई लांब हाय."

"मग काल तोंडावर का न्हाई बोलला गं?"

"बाई म्हणतात, पाहुण्याला तोंडावर खोटं म्हणायचं न्हाई. जाऊन बघायचं. मग म्हणायचं."



"मग आता म्हण की."

सुकन्यानं मागं बघितलं. काल विहीर कुठं म्हणून विचारणारा तो पोरगा, त्याचं नाव अमरनाथ, जरा विचार करून म्हणाला, "आज न्हाई म्हणता येत, आजोबा. तुम्ही दसऱ्याचा दगड म्हणला होतात. आज दसरा न्हाई. दसऱ्याला पुन्हा टाकून बघणार. मग सांगू."

काय सांगू, माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या थापेचा एवढा मान कोणी ठेवला नव्हता. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि तेच खोटं निघालं! आणि तिकडं घरात मोटरसायकल पुसणं चालू.

मी पळालो. सत्तरीतला माणूस पळतो म्हणजे काय, तर कुत्री वाट देतात आणि बाया ओट्यावर येतात. घरापुढं शिवशंकरनं गाडीला किक मारलेली. उर्वी पुढं टाकीवर, दोन वेण्या, लाल फिती. तनुजा मागं बसायच्या बेतात.

"थांबा! शाळा चांगली हाय! लई चांगली! पोरं विहिरीत दगड टाकून माझी थाप तपासून राहिलीत!"

तनुजानं पदर खोचला. "मामा, काल एक दिवस खरं बोललात. आज पुन्हा सुरू?"

"आईच्यान सांगतो."

"ती माउली तुमच्या शपथांनीच गेली," दारातून सिंधु म्हणाली.

"दादा, उर्वी जाऊ नये म्हणून बोलून राहिलात, कळतंय आम्हाला," शिवशंकर समजुतीनं म्हणाला. "रोज चारला येईलच की ती."

त्यानं गियर टाकला. माझ्याजवळ थापांचं कोठार भरलेलं. बिबट्या, भूकंप, मंत्र्याचा ताफा, सगळं जिभेवर आलं. पण त्यातलं एकही ह्या घरात खपणार नव्हतं. मी मोठ्या थापांचा माणूस, हे सगळ्यांना माहीत. म्हणून मी खाली मान घातली आणि जन्मात मारली नव्हती एवढी लहान थाप मारली.

"विहिरीवरची मोटर जळाली."

शिवशंकरनं गाडी बंद केली. शेतकऱ्याच्या पोराला भूकंप सोसतो, हे सोसत नाही. "स्टार्टर गेला का वायंडिंग?"

"वास येऊन राहिलाय."

"परवाच भरून आणली होती!" त्यानं कपाळावर हात मारला. "तनुजा, बस. मळ्यावरून तसंच पुढं मुखेडला जाऊ."

ते गेले. मी मागून परत पळत निघालो. आता बायांनी ओट्यावर खुर्च्या आणल्या होत्या.

पोचलो तेव्हा शिवशंकर मोटरीवर हात ठेवून उभा होता आणि मोटर घरघर करत चांगलं मनगटाएवढं पाणी टाकत होती. तो माझ्याकडं बघत होता. मी पाण्याकडं बघत होतो. तिकडं तनुजा बाईंना विचारत होती, "पुस्तक सोडून इथं कशाला आणलं हो पोरांना?"

"पुस्तकात विहीर हाय, ताई. पण तिच्यात दगड टाकता येत न्हाई. मामांनी काल शेरभर गोष्ट सांगितली, म्हटलं वाया कशाला घालवायची?"

"सगळी पोरं करतात असं?"

"भांडतात बी. हा म्हणतो टाळी लवकर वाजवली, ती म्हणते दगड उशिरा सोडला. मग पुन्हा टाकायचा."

उर्वी रेघेशी जाऊन उभी होती. दसऱ्याच्या दगडाची गोष्ट ती माझ्या बाजेवर कितीदा ऐकत आली होती, देवाला ठाऊक. सुकन्यानं तिला मोठ्या बहिणीच्या थाटात सांगितलं, "तिसरी टाळी लागतच न्हाई."

"मी टाकणार," उर्वी म्हणाली.

"अगं, आम्ही बघितलंय की."

"मी न्हाई बघितलं."

बाईंनी तिचा दंड धरला. पोरांनी टाळ्या धरल्या. मी डोळे मिटले. खरं सांगतो, त्या वेळी वाटलं, एकदा, एकदाच, हा आवाज येऊ नये.

एक, दोन... डुबुक.

उर्वी वळली. रडली नाही. बाजारात वीरभद्र बैलाचे ओठ उचलून बघतो, तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मग मोटरीकडं.

"आबा," ती म्हणाली, "मोटर बी चालूच हाय."

पोरं फिदीफिदी हसली. पाहुण्याच्या तोंडावर. शिवशंकरनं घड्याळ बघितलं. "तनुजा, मुखेडला उशीर होऊन राहिलाय."

"तुम्ही जा की हापिसात," तनुजा म्हणाली. ती खाली बसून पोरीच्या वेणीची सुटलेली लाल फीत बांधत होती. "बाई, पहिलीच्या वर्गाला चटई घरून आणायची का शाळेतच असते?"

तर असं. उर्वी आता गावच्या शाळेत जाते. दुपारच्या सुट्टीत माझ्या बाजेवर येऊन बसते, मांडी घालून. तोंड मात्र मिटलेलं असतं. पाटलाच्या भाषणाला मान हलवणाऱ्या बैलाची गोष्ट सांगितली तर म्हणते, "त्याच्या वासराला बघू चला. पुढं भाषण करू." आणि माझं बोट धरून ओढते. माझे गुडघे, तिची शाळा, काय बोलायचं?

झोप म्हणून येत नाही. दसरा जवळ आला. सोनं लुटायच्या आधी शाळेची सगळी पोरं विहिरीवर येणार, बाईंनी निरोप पाठवलाय. मी वीरभद्रला हळूच विचारून ठेवलंय, पाण्यावर कडब्याच्या पेंढ्या पसरल्या तर दगडाचा आवाज होईल का? तो म्हणाला, होणार न्हाई, दोन गाड्या देतो.

काल अंधार पडायच्या आत आम्ही दोघं गुपचूप पहिली गाडी घेऊन मळ्यात गेलो. बैल सोडले, पेंढीला हात घातला, तर कठड्याबाहेरच्या रेघेवर उर्वी उभी. सोबत सुकन्या, अमरनाथ.

"आबा," ती म्हणाली, "विहिरीला कडबा खायला लागतो का?"

मी बाजेवर नव्हतो, पण बसलो. जमिनीवरच. वीरभद्र बैलांकडं बघू लागला.

"एकदा काय झालं," मी म्हणालो.

ती तिघं जवळ येऊन मांडी घालून बसली.