मागं राहिलेली पात

वालूरच्या विहारासमोर बसायला एक सिमेंटचा बाक हवा होता, तो सितारामनं पोराच्या नावानं दिला. 'कालकथित सिद्धोधन सिताराम खंदारे यांच्या स्मरणार्थ' एवढं पेंटरनं रंगवून झालं होतं. त्याखाली एक ओळ सितारामनं मुद्दाम मोकळी ठेवायला लावली होती. रविवारी पहिला स्मृतिदिन, त्याआधी ती ओळ भरायची होती: 'यांचं काम जगानं घेतलं.' एसटीत ड्रायव्हरकी करून रिटायर झालेल्या माणसाला एवढी एक ओळ मिरवावीशी वाटली, तर त्यात वावगं काय होतं?

पण ती ओळ सुकेशनीच्या हातात होती. सुकेशनी म्हणजे सिद्धोधनची धाकटी बहीण. परभणीला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायची आणि सुटीला वालूरला यायची.

एक मोठं गणित अनेक प्रोसेसरांना वाटून देऊन एकदम सोडवणारं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट आणि उघडं. त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. चालायचं मात्र नावाजलेल्या कंपन्यांच्या प्रोसेसरांवरच. पुढं एक नव्या जातीचा प्रोसेसर निघाला, स्वस्त, साध्या कॉलेजांनाही परवडेल असा. त्याला हे सॉफ्टवेअर दारातही उभं करीना. ते त्याच्यावर चालवून दाखवायचं काम सिद्धोधननं आपणहून अंगावर घेतलं. पुण्यातली नोकरी सांभाळून तो ते करायचा. रक्ताचा आजार निघाला, नोकरी सुटली, पण हे काम सुटलं नाही.

प्रोसेसरच्या चार भागांना जे काम वाटून दिलं जातं, त्याला त्यानं आपल्या कोडमध्ये 'पात' असं नाव दिलं होतं. परदेशात बसून हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कारभाऱ्यानं एकदा विचारलंही होतं, की हा शब्द कुठला. तो शब्द त्याच्या आईच्या, कुसुमबाईच्या खुरप्याचा होता. निंदायला गेलेल्या बायका ओळीनं एकेक पात धरतात आणि बांधाकडं सरकतात. सगळ्या बांधाला लागल्याशिवाय पुढची पात कुणी धरत नाही. कुसुमबाईचा उजवा हात लहानपणी भाजलेला, बोटं पुरती मिटत नसत. तिची पात कायम मागं राहायची.

तो गेल्यावर सुकेशनीनं त्याचा कोड नीट लावला, कोड समजावणारी राहिलेली टाचणं लिहिली आणि पाठवून दिला. कारभाऱ्याचं उत्तर आलं: सगळ्या चाचण्या पास आहेत, तुमचा शेवटचा होकार आला की याच आठवड्यात सामील करतो, भावाचं नाव पहिलं राहील. सितारामनं ते उत्तर तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पेंटरला फोन लावला.

होकार द्यायच्या आधी सुकेशनीनं बाबांना दाखवायला म्हणून एक मोठं गणित त्या नव्या प्रोसेसरच्या बोर्डवर लावलं. नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, असं काहीसं. उत्तर आलं. तेच गणित तिनं आपल्या लॅपटॉपवर केलं, तर उत्तर जरासं वेगळं. पुन्हा बोर्डवर केलं, तर तिसरंच. शिक्षिका होती ती. एकाच प्रश्नाला रोज नवं उत्तर देणारा विद्यार्थी तिला चांगला ठाऊक होता.

शोधत शोधत ती त्या जागेवर आली जिथं चारही भागांनी एकमेकांसाठी थांबायचं असतं. सिद्धोधननं तिथं थांबायला वेळेची मर्यादा घातली होती. तेवढ्यात शेवटचा आला नाही, तर त्याला सोडून पुढं जायचं. छोट्या चाचण्यांत सगळेच वेळेत यायचे, म्हणून त्या पास. मोठ्या गणितात कुणीतरी मागं राहायचं आणि त्याचा वाटा बेरजेत येतच नव्हता.

दवाखान्यातला तो दिवस तिला आठवला. कितीतरी दिवस तो कुरकुरत होता, "सुके, सारखं अडकायलंय. कुणीतरी एक येतच न्हाई बघ." आणि मग एका दुपारी, सलाईन लावलेल्या हातानंच त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला होता. "चालायलंय!" तिनं वॉर्डभर पेढे वाटले होते.

तिला आधी रागच आला. एवढा हुशार दादा आणि अशी पळवाट? मग तिनं त्या ओळींवरची तारीख पाहिली, ती त्याच दुपारची होती, आणि राग जिरून गेला. त्याला कळत नव्हतं असं नाही. थांबायला त्याच्याजवळ दिवस उरले नव्हते, एवढंच. ती डोळ्याला पदर लावून पोरीसारखी रडली.

सितारामला सांगितलं तेव्हा तो खाटेवरून उठलाच.

"केवढा फरक हाय म्हनलीस?"

"थोडा हाय, बाबा. पण—"

"थोडा हाय ना? मंग कामून काढायलीस? सोयरेधायरे येयलेत रविवारी. मेलेल्या मान्साची चूक चारचौघात सांगायलीस तू. सख्ख्या भावाची!"

"या गणितावर भरवसा ठेवून कुणी गाव हलवंल, बाबा. न्हाईतर हलवायचं राहून जाईल. खाली दादाचं नाव असंल."

सितारामनं तोंड फिरवलं. सुपात ज्वारी घोळणारी कुसुमबाई मात्र थांबली.

"काय केलं त्यानं?" तिनं विचारलं.

"मागं राहिलेल्याला सोडून पुढं जा, असं लिहिलंय, आई."

"सिद्धूनं?" कुसुमबाईचा विश्वास बसेना. "माझी पात मागं राहिली की बांधावरून उठून समोरून शिरायचा गं त्यो. खुरपं न्हाई, काई न्हाई. नुसत्या हातानं तण उपटत यायचा माझ्याकडं." तिनं आपल्या मिटत नसलेल्या बोटांकडं पाहिलं. "लय थकला असंल माझा लेक," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

सुकेशनीनं त्याच दिवशी कारभाऱ्याला लिहून टाकलं. माझ्या भावाच्या कोडमध्ये चूक आहे, उत्तरं चुकीची येतात, सामील करू नका. सगळ्यांना दिसेल अशाच जागी लिहिलं.

रविवारी वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं. सोयरे बाकाकडं बघून आपसात विचारत होते, खाली जागा कशाला सोडली म्हणून. सिताराम बोलायला उभा राहिला. सुकेशनीनं मान खाली घातली. बाबा काय बोलतील याची तिला धास्ती होती.

"माझ्या पोराचं काम जगानं घेतलं, असं सांगनार व्हतो," सिताराम म्हणाला. "घेतलं न्हाई. त्याच्यात चूक निघाली. माझ्या पोरीनंच काढली." तो बाकाकडं वळला. "काम अजून चालू हाय. ती वळ राहू द्या मोकळी."

एवढंच बोलून तो खाली बसला, सुकेशनीच्या शेजारी.

पाहुणे पांगल्यावर सुकेशनी घरी आली आणि बोर्ड चालू केला. ती मर्यादा काढून टाकली, गणित पुन्हा लावलं. तीन भाग आले आणि थांबले. चौथा आला नाही. सगळं जागच्या जागी अडकलं, दादाच्या वेळी अडकायचं तसंच. आता तो चौथा का येत नाही, हे मुळापासून शोधायचं होतं.

कुसुमबाई चहा घेऊन आली. पडद्यावर काहीच हलत नव्हतं.

"आलं का गं मागचं?"

"न्हाई अजून, आई."

"येऊ दे. नको सोडूस त्याला." कुसुमबाईनं कप ठेवला आणि तिच्याजवळ बसकण मारली. "जा, तूच शिर आता समोरून."