चष्म्याची खिडकी

ईश्वरदासांच्या हातांना चूक सहन होत नसे. जिभेला होत असे. बायको, मैनाबाई, वरणात मीठ घालायला विसरल्या तरी ते मुकाट्यानं जेवून उठायचे. पण विणलेल्या कापडात एखादा धागा चुकलेला दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या उपरण्यातला सुटलेला धागा बघता बघता त्यांची जिलबी घ्यायची राहून गेल्याचं मैनाबाई अजून सांगत. चाळीस वर्षं उमरेडला हातमागावर लुगडी विणली. सहा वर्षांपूर्वी माग विकला आणि दोघं नागपुरात दिघोरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. माग सुटला, हात काही सुटले नाहीत. घरात चूक शोधायला आता पडदे तेवढे उरले होते.

त्या घरात त्यांची एकच इच्छा होती. आठ वर्षांच्या नातीनं, हर्षानं, कधी आपण होऊन आपल्याजवळ येऊन बसावं. हर्षा पोरगी गोड, पण मोबाइलमध्ये बुडालेली. आबाजींनी काहीही विचारलं तरी मान वर न करता "हो आबाजी" म्हणायची. उमरेडच्या विहिरीत वाघ पडला असं सांगितलं असतं तरी तिचं उत्तर तेच आलं असतं.

मे महिना लागला. सकाळी दहानंतर घराबाहेर पाय टाकायची सोय नाही. अशात हर्षाच्या वडिलांनी, प्रज्वलनं, मोबाइल दिवसाला एक तास असा नियम केला. दुसऱ्याच दिवशी पोरगी कूलरसमोरून उठून आजोबांपुढं उभी राहिली.

"आबाजी, मी बोअर होऊन राहिली."

ईश्वरदास याच घटकेची वाट पाहत होते. त्यांनी माळ्यावरचं मिक्सरचं रिकामं खोकं काढलं. पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा कापला, त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला नखभर अंतरावर कात्रीनं खाचा पाडल्या, आणि खाचांमधून पांढरा दोरा वरून खाली, खालून वर गुंडाळला.

"हा ताणा. उभे धागे. अन् हा आपला धोटा, आडवा धागा नेणारा." कुल्फीच्या काडीला भोक पाडून त्यांनी तिच्या हातात दिली. आडवा धागा ठोकून बसवायला मागावर फणी लागते. ती त्यांनी आरशासमोरून उचलून आणली.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "माही फणी कुठी गेली जी?"

"मागावर आहे."

"मागावर? माग इकून सहा वर्षं झाली. ऊन लागलं काय तुमाले?" म्हणत मैनाबाई ओले केस घेऊन बाहेर आल्या, आणि आजा-नात पुठ्ठ्यावर वाकलेली पाहून फणी न मागताच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ईश्वरदास बसनं गांधीबागेत पोचले. तिथले कापडवाले मनोहरराव पूर्वी त्यांची लुगडी घ्यायचे. त्यांनी पिशवीभर रंगीत कातरण भरून दिली.

"नातीले शिकवून राहिले? वा! पोरगं तर बसलंच नाही तुमचं मागावर."

"त्याले आवडच नव्हती," ईश्वरदास म्हणाले. पंचवीस वर्षं ते हेच सांगत आले होते. आताशा ते त्यांनाही खरं वाटू लागलं होतं.

कातरणीच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. परत येताना उलट. हर्षा सुरुवातीला इतकी खेचायची की कापडाची कंबरच बारीक व्हायची. "ढिलं सोड बेटा, त्याले श्वास घेऊ दे," आबाजी सांगायचे. तिसऱ्या दिवशी तर ती आंघोळ करून ओल्या पायांनीच त्यांच्याजवळ पळत आली. ईश्वरदासांना इतका आनंद झाला की त्यांचा चहा गार झाला.

ती त्यांच्यासाठीच विणत होती. आबाजींचा चष्मा कुठंही पडलेला असायचा, एकदा तर मैनाबाई त्यावर बसल्या होत्या. म्हणून चष्म्याला घर करायचं. लांब पट्टी विणायची, दुमडायची, दोन्ही बाजूंनी शिवायची.

चौथ्या दिवशी गंमत झाली. विणता विणता हर्षानं पट्टी दुसऱ्या काठापर्यंत न नेता मधूनच मागं वळवली, दुसऱ्या बाजूनंही तशीच वळवली. सात ओळी झाल्या तेव्हा कापडाच्या मधोमध बोट जाईल एवढी फट पडली होती.

"इथी चुकली तू, बेटा."

हर्षानं फटीतून बोट घालून पाहिलं, थोडा विचार केला.

"चूक नाही आबाजी, खिडकी आहे. चष्म्याले बाहेर दिसलं पाहिजे न!"

ईश्वरदास पोट धरून हसले. "बरं, राहू दे मग."

दुपारी हर्षा खालच्या मजल्यावर लुडो खेळायला गेली. पुठ्ठा ईश्वरदासांच्या मांडीवर होता आणि हात रिकामे होते. फक्त काठ थोडा सरळ करतो, असं ते स्वतःला म्हणाले. काठापासून हात कधी फटीपाशी गेले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. अर्ध्या तासात सात ओळी उसवून पुन्हा विणून झाल्या होत्या, आणि वर ते खूश होते.

हर्षा आली. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, उलटून पाहिलं.

"खिडकी कुठी गेली?"

"नीट केली न बेटा. आता पाह्य, दुकानातल्यावानी दिसते."

तिनं पुठ्ठा हळूच त्यांच्या मांडीवर परत ठेवला. "मंग हे तुमचं झालं आबाजी. माहं नाही."

ती रडली नाही, रागावलीही नाही. कूलरसमोर जाऊन बसली. संध्याकाळी त्यांनी आंबा खातेस का विचारलं, तेव्हा मान वर न करता उत्तर आलं, "हो आबाजी."

प्रज्वल कामावरून आला. पुठ्ठा उचलून त्यानं दिव्याखाली धरला.

"हे हर्षानं नाही विणलं, बाबा. तुम्ही विणलं."

"तुले कसं कळलं?"

"काठ पाहून. लुगड्यातली माही चार बोटं उसवली होती, तवाही तिथी असाच सरळ काठ झाला होता."

 ईश्वरदासांना वाटत होतं पोरगा ते विसरला. तेव्हा प्रज्वल दहा वर्षांचा होता. बाप चहाला गेलेला पाहून मागावर बसला आणि चालू लुगड्यावर चार बोटं कापड विणलं. मग ते दाखवायला आईला बोलवायला धावत गेला. मायलेक परत येईपर्यंत ईश्वरदासांनी ते उसवून सरळ करून टाकलं होतं. लुगडं गिऱ्हाइकाचं होतं, त्यांचं काही चुकलंही नव्हतं. पण पोरगा त्यानंतर मागावर कधी बसला नाही.

"आईले दाखवाचं राहूनच गेलं," प्रज्वल सहज म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला. तो सहजपणाच ईश्वरदासांना लागला.

सकाळी त्यांनी आपल्या सात ओळी उसवल्या आणि खिडकी विणायला घेतली. जमेना. मागं वळायच्या जागी हात आपसूक पुढं जायचा, फट बुजायची. तीनदा उसवलं, तीनदा तेच. शेवटी पुठ्ठा घेऊन ते कूलरसमोर गेले आणि गुडघ्यांवर हात टेकत नातीशेजारी खाली बसले.

"हर्षा, माहं चुकलं वं. तुह्या खिडकीले मी हात लावाले नोको होता. आता बनवतो म्हणतो, तर मले चुकताच येत नाही. शिकवशीन काय?"

हर्षानं मान वर केली. "चूक नाही, खिडकी."

"हो, खिडकी."

ती थोडी सरकली. "इथून मांगं वळा. वळा म्हटलं न! पुढं काहून जाऊन राहिले?" तिनं त्यांच्या हातावर चापट मारली. अशा चार चापट्यांनंतर खिडकी झाली, पहिलीपेक्षा जरा वाकडीच. पुढचं तिनं एकटीनं विणलं, त्यांच्या गुडघ्याला टेकून.

रविवारी प्रज्वल घरी होता. पट्टी संपत आली होती. ईश्वरदासांनी हर्षाच्या कानात काहीतरी विचारलं. तिनं मान डोलावली. मग त्यांनी पुठ्ठा मुलापुढं धरला.

"प्रज्वल, चार बोटं राहिली आहेत."

प्रज्वलनं बापाकडं पाहिलं. मग मांडी घालून बसला. पहिल्याच ओळीला त्यानं इतकं खेचलं की काठ आत गेला. ईश्वरदासांची बोटं वळवळली. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसून राहिले. प्रज्वलनं शेवटचा धागा फणीनं ठोकला, वाकड्यातिकड्या कापडाकडं पाहिलं, आणि पस्तिशीतल्या त्या माणसानं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "आई, पाहाले ये!"

मैनाबाई पिठाच्या हातांनी आल्या. चार बोटं जिथल्या तिथं होती. त्यांनी ती पाहिली, मग नवऱ्याकडं पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसताना गालाला पीठ लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ईश्वरदास गांधीबागेत गेले, तेव्हा मनोहररावांची नजर त्यांच्या खिशाकडं गेली.

"हे काय जी? तुमच्या खिशात असं कापड? मधात भोक, काठ वाकडा!"

"खिडकी आहे ते. नातीनं विणलं. अन् हे वरचं पोरानं."

"पोरानं? त्याले तर आवडच नव्हती म्हणे!"

"होती, मनोहरराव," ईश्वरदास म्हणाले. "मीच उसवली होती."

मग त्यांनी नाकावरचा चष्मा काढून घरात सरकवला आणि खिडकी बाहेरच्या बाजूला येईल असा खिशात ठेवला.